बिनतारी ओळख आणि तिची अडवणूक

कुलूप हलकें असेल तर चोर आंत शिरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कुलूप फार नाजूक असेल तर घरचा धनीच बाहेर राहतो, हें तसा प्रसंग येईपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चोराला घरांत शिरतां आलें नाहीं, तरी किल्लीच्या भोकांत एक काडी मोडून ठेवणें त्यास कांहीं अवघड नसतें. चोरी झाली नाहीं खरी. पण आतां घर उघडावयाचें कसें? बिनतारी लहरींच्या साह्यानें वस्तूंची ओळख पटविणारीं जीं यंत्रें शहरांतील रोजच्या व्यवहारांत आलीं आहेत, त्यांच्या बाबतींत हाच प्रश्न गेलीं वीस-बावीस वर्षें शास्त्रज्ञांपुढें उभा आहे. चोर कसा अडवावा, याचीं उत्तरें पुष्कळांनीं दिलीं. पण त्यांपैकीं कित्येक उत्तरांनीं धन्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवलें. तें कसें घडतें आणि त्यावर इलाज कोणता, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. मोटारीच्या पुढील कांचेवर चिकटविलेला फास्टॅग, मेट्रो रेल्वेच्या फाटकापाशीं नुसतें जवळ धरावयाचें कार्ड, मोठ्या दुकानांत कपड्याला लोंबणारी चिठ्ठी, ग्रंथालयांतील पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड दडविलेली चकती, हीं सारीं एकाच कुळांतलीं आहेत. रेडिओ-लहरींनीं ओळख पटविण्याच्या या विद्येस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरएफआयडी’ असें म्हणतात आणि वस्तूला चिकटविलेल्या भागास टॅग म्हणतात. त्यांत तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी एक चिप व तिला जोडलेली धातूच्या पातळ पट्टीची एरियल असते. बहुतेक टॅगांत बॅटरी नसते. फाटकावरील वाचकयंत्र लहरी सोडतें. त्या लहरींतूनच टॅगला कामापुरती शक्ति मिळते, आणि त्याच लहरी कमीअधिक परतवून तो आपला अंक सांगतो. उन्हांत आरसा हलवून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवावा, तसा हा प्रकार आहे. प्रकाश सूर्याचा, आरशाचें काम तेवढें हालण्याचें.

परावर्तित शक्तीनें संदेश पाठविण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यानें ऑक्टोबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील रेडिओ-अभियंत्यांच्या संस्थेच्या मासिकांत मांडली. तिच्याही पूर्वीं, दुसऱ्या महायुद्धांत, येणारें विमान आपलें कीं शत्रूचें हें ओळखण्यासाठीं ब्रिटिशांनीं आपल्या विमानांवर प्रश्नाला उत्तर देणारीं बिनतारी यंत्रें बसविलीं होतीं. पुढें चिपा स्वस्त झाल्या. १९९९ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विद्यापीठांत प्रत्येक वस्तूस स्वतंत्र अंक देण्याच्या हेतूनें एक संशोधनकेंद्र स्थापन झालें, आणि २००४ सालीं स्वस्त टॅगांची ‘जनरेशन-२’ नांवाची प्रमाणपद्धति ठरली. आपल्याकडील फास्टॅग याच घराण्यांतला असून तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत बोलतो.

या टॅगविषयीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवली पाहिजे. तो अतिशय गरीब आहे. संगणकाच्या चिपेंत तर्काचे जे सर्वांत लहान घटक असतात, त्यांस तर्कद्वारें म्हणतात. साध्या टॅगांत अशीं एकंदर १,००० ते १०,००० तर्कद्वारें असतात, आणि त्यांपैकीं सुरक्षिततेच्या कामीं २०० ते २,००० च देतां येतात, असा हिशेब ज्यूल्स व वाइस या संशोधकांनीं २००५ सालीं मांडला. संगणकाच्या चिपेंत तर्कद्वारें कोट्यवधि असतात. तेव्हां संगणकाला जें सहज साधतें, तें टॅगला साधेलच असें नाहीं. पुढें ज्या अडचणी सांगावयाच्या आहेत, त्यांतील बहुतेकांचें मूळ या गरिबींत आहे.

आतां ओळखीचा प्रश्न घेऊं. टॅग जर विचारील त्याला आपला अंक सांगूं लागला, तर दोन आपत्ती येतात. कोणीही तो अंक ऐकून तसाच दुसरा टॅग बनवील, ही एक. आणि तो टॅग बाळगणारा मनुष्य कोठें कोठें जातो याचा माग काढील, ही दुसरी. म्हणून टॅग आणि मालकाचें केंद्रीय दफ्तर या दोघांनाच ठाऊक असलेला एक गुप्त अंक ठेवतात. त्याला किल्ली म्हणतात. ही किल्ली उघडपणें कधींच बोलावयाची नसते. तिच्यावर एक एकमार्गी गणित करून त्याचें उत्तर तेवढें सांगावयाचें. जात्यांत दाणे घातले कीं पीठ पडतें. पण पीठ पाहून दाणे परत मिळत नाहींत. दफ्तरापाशीं तेच दाणे असतात. तें आपल्या घरीं दळून पाहतें आणि पीठ जुळलें कीं टॅग खरा मानतें. उभयतांनीं एकमेकांची ओळख पटविण्यासाठीं ठरलेल्या क्रमानें करावयाच्या या प्रश्नोत्तरांना तंत्रज्ञ प्रोटोकॉल म्हणतात. आपण त्यास ‘ओळखविधि’ म्हणूं.

पण किल्ली कायम तीच राहिली व उत्तरही तेंच राहिलें, तर ऐकणारा तें टिपून ठेवतो आणि पुन्हां ऐकवितो. शिवाय टॅग एखादे दिवशीं शत्रूच्या हातीं पडून फोडला गेला, तर त्यांतील किल्लीवरून मागें टिपलेलीं सारीं बोलणीं उलगडतात. यावर उपाय म्हणून अनेकांनीं असें सुचविलें कीं, प्रत्येक भेटीनंतर किल्ली बदलावी. सैन्याच्या तळावर परवलीचा शब्द रोज बदलतात, तसें. ही युक्ति चांगली आहे. मात्र तिच्यांत एक फट आहे. नवा शब्द घेऊन निघालेला शिपाई वाटेंत अडवला गेला, तर चौकीवरचा पहारेकरी नवा शब्द मागतो, परतणारा आपलाच शिलेदार जुना शब्द सांगतो, आणि आपल्याच तळाच्या वेशीवर तो शत्रु ठरतो.

टॅगच्या बाबतींत हें अक्षरशः घडतें. समजा, टॅग व दफ्तर या दोघांपाशीं ‘क’ ही किल्ली आहे. वाचकयंत्र विचारतें, टॅग ‘क’ वरून उत्तर देतो, दफ्तर तें ताडून पाहतें आणि आपल्या वहींत ‘क’ खोडून ‘ख’ लिहितें. मग तें टॅगला शेवटचा संदेश पाठवितें कीं, तूंही आतां ‘ख’ घे. नेमक्या याच क्षणीं जवळ उभ्या असलेल्या एखाद्या उपद्रवी माणसानें आपल्या यंत्रांतून गोंगाटाची लहर सोडली, आणि तो संदेश टॅगच्या कानीं गेला नाहीं. टॅगपाशीं ‘क’ राहिला, दफ्तरांत ‘ख’ झाला. हल्लेखोर निघून गेला. त्याला गुप्त अंक कळला नाहीं, त्यानें कांहीं फोडलें नाहीं, कांहीं चोरलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं तो टॅग खरा असूनही खोटा ठरतो, तिसऱ्या दिवशींही ठरतो, आणि पुढें कायमच ठरतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तसा हा न्याय झाला. यालाच अडवणुकीचा हल्ला म्हणतात. क्षणभराच्या अडथळ्यानें कायमचें नुकसान करणें, हें त्याचें खरें लक्षण.

कोणी म्हणेल, टॅगनें ‘पोंचलें’ असें उलट कळवावें आणि मगच दफ्तरानें किल्ली बदलावी, म्हणजे झालें. पण मग तो ‘पोंचलें’ हा निरोपच हल्लेखोर अडवील. आतां टॅगपाशीं ‘ख’ आणि दफ्तरांत ‘क’, एवढाच फरक. त्या निरोपाचाही निरोप मागितला, तर तोही अडवतां येतो. संगणकशास्त्रांत हें कोडें जुनें आहे. जिम ग्रे या शास्त्रज्ञानें १९७८ सालीं त्यास दोन सेनापतींचें कोडें असें नांव दिलें. दोन टेंकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत व मधल्या दरींत शत्रु आहे. दोघांनीं एकाच वेळीं चाल केली तरच जय, एकट्यानें केली तर नाश. दोघांमध्यें निरोप न्यावयाचा तो दरींतूनच, आणि कोणताही जासूद पकडला जाऊं शकतो. किती जासूद पाठविले असतां दोघांची पक्की खात्री होईल? उत्तर असें कीं, कितीही पाठविले तरी होणार नाहीं. कारण शेवटचा जासूद न पोंचला तरी चालणार असेल, तर तो पाठविण्याची गरजच नव्हती. तो गाळला कीं त्याच्या आधींचा जासूद शेवटचा ठरतो, आणि त्यालाही तोच न्याय लागतो. असें करतां करतां एकही जासूद उरत नाहीं. थोडक्यांत, वाट जेथें अडवली जाऊं शकते, तेथें निरोपांची संख्या वाढवून खात्री विकत घेतां येत नाहीं. टॅग आणि दफ्तर यांच्या किल्ल्या कधींच वेगळ्या होणार नाहींत, अशी व्यवस्था अशक्य आहे. त्या वेगळ्या झाल्या तरी पुन्हां जुळतील, अशी व्यवस्था मात्र शक्य आहे. या विषयांतील सारें शहाणपण या दोन वाक्यांतील फरकांत सांठलेलें आहे.

ती व्यवस्था अशी. दफ्तरानें जुनी किल्ली खोडण्याची घाई करूं नये. वहींत दोन रकाने ठेवावे: जुनी ‘क’ आणि नवी ‘ख’. शेवटचा संदेश हरवला व टॅग पुन्हां ‘क’ वरून बोलला, तर दफ्तरानें पहिल्या रकान्यांत पाहून त्यास ओळखावें. तो ‘ख’ वरून बोलला, तर मागचा संदेश त्यास मिळाला होता हें आपोआप सिद्ध झालें. मग निर्धास्तपणें ‘क’ खोडावी आणि रकाने एक घर पुढें सरकवावे: जुनी ‘ख’, नवी ‘ग’. म्हणजे टॅगच्या पुढच्या बोलण्यालाच मागच्या निरोपाची पोंच समजावयाचें. वेगळी पोंच मागण्याची गरजच उरत नाहीं.

येथें एक बारीक खोंच आहे, आणि तिच्यावर भरंवशाचे विधि अडखळले आहेत. टॅग जुन्या ‘क’ वरून बोलला असतां रकाने सरकवावयाचे नाहींत. ‘ओळख पटली, आतां पुढें चला’ असें म्हणून दफ्तरानें जर जुनी ‘ख’ व नवी ‘ग’ असें लिहून टाकलें, आणि हल्लेखोरानें दुसऱ्यांदाही शेवटचा संदेश अडवला, तर टॅगपाशीं असलेली ‘क’ दोन्ही रकान्यांतून नाहींशी होते. एका अडथळ्याला पुरणारें औषध दुसऱ्या अडथळ्याला पुरलें नाहीं. म्हणून नियम असा कीं, टॅगनें ज्या किल्लीवरून शेवटचें बोलून दाखविलें, ती किल्ली त्यानें पुढची वापरून दाखवीपर्यंत वहींतून जातां कामा नये. हा नियम पाळला तर हल्लेखोरानें शंभर वेळां संदेश अडवला तरी एकशेएकाव्या वेळीं टॅग ओळखला जातो. या व्यवस्थेचा बोजा दफ्तरावर पडतो, टॅगवर पडत नाहीं, हाही तिचा गुण आहे. कारण दफ्तर श्रीमंत आहे आणि टॅग गरीब.

तरीही एवढ्यानें सर्व साधत नाहीं. २००६ सालीं स्पेनमधील पेरिस-लोपेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अतिशय हलके असे कांहीं ओळखविधि रचले. टॅगला जड गणित झेपत नाहीं म्हणून त्यांत केवळ बेरीज व बिटांची अदलाबदल एवढेंच काम ठेवलें होतें. पुढच्याच वर्षीं ली व वांग या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, संदेश अडविण्याचीही गरज नाहीं. वाटेंत त्यांतील निवडक बिट उलटे केले तरी पुरे. गणित इतकें सरळ होतें कीं, येथें एक बदल केला असतां तेथें कोणता बदल केल्यास हिशेब जुळेल, हें बाहेरच्यासही ताडतां येई. टॅगला व दफ्तराला दोघांनाही ओळख पटल्यासारखी वाटली, दोघांनीं किल्ली बदलली, पण वेगवेगळ्या अंकांवरून बदलली. खात्री झाली आणि एकवाक्यता गेली, असा हा विलक्षण प्रकार. यावरून धडा असा कीं, किल्ली बदलण्यास कारण होणारा प्रत्येक अंक एकमार्गी गणितानें असा बांधलेला असावा कीं, त्याचा एक बिट हालला तरी सारें पीठ वेगळें दिसावें.

२००७ सालीं चिएन यांनीं आणखी एक विधि प्रसिद्ध केला. त्यांत जुनी व नवी अशा दोन्ही किल्ल्या टॅगनेंच बाळगाव्या, अशी योजना होती. वरवर पाहतां अडवणुकीस येथें वाव दिसत नाहीं. पण त्यावरही तोड निघाली, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. हल्लेखोर प्रथम एका भेटींत वाचकयंत्राचें बोलणें टिपून घेतो व टॅगचें शेवटचें उत्तर अडवतो. टॅग पुढें गेला, दफ्तर मागें राहिलें. दुसऱ्या भेटींत तो मुळींच आड येत नाहीं. टॅग जुन्या किल्लीवरून बोलतो, दोघांची गांठ पडते, आणि दोघे मिळून एक नवी किल्ली ठरवितात. दफ्तर समाधानानें जुनी टाकून देतें. आतां तिसऱ्या वेळीं हल्लेखोर स्वतःच वाचकयंत्राचें सोंग घेऊन टॅगपाशीं जातो, ‘तुझी नवी ओळख पटत नाहीं, जुनी सांग’ म्हणतो, आणि पहिल्या दिवशीं टिपलेलें बोलणें जसेंच्या तसें ऐकवितो. टॅगपाशीं जुनी किल्ली आहेच. तिच्याशीं तें बोलणें बरोबर जुळतें. टॅग फसतो व त्या शिळ्या बोलण्यावरून किल्ली बदलतो. आतां त्याच्यापाशीं ज्या दोन किल्ल्या आहेत, त्यांपैकीं एकही दफ्तराच्या वहींत नाहीं.

दोष जुनी किल्ली बाळगण्यांत नव्हता. शिळें बोलणें ताजें मानण्यांत होता. वाचकयंत्र दर वेळीं नवा अंक घालीत होतें, पण टॅग आपल्या बाजूनें कांहींच नवें घालीत नव्हता. टॅगनेंही प्रत्येक भेटींत आपल्या मनचा एक स्वैर अंक सांगितला असता आणि ‘या अंकासह गणित करून दाखव, मगच मी किल्ली बदलीन’ असा आग्रह धरला असता, तर कालचें बोलणें आज जुळलेंच नसतें. म्हणून दोन्ही बाजूंनीं दर वेळीं आपापला ताजा अंक घालणें, आणि समोरच्यानें त्या ताज्या अंकावर पुरावा दिल्याखेरीज टॅगनें किल्लीला हात न लावणें, हा दुसरा मोठा नियम ठरतो.

हा नियम मोडला म्हणजे काय होतें, याचें एक नमुनेदार उदाहरण आहे. ओकुबो, सुझुकी व किनोशिता या जपानी संशोधकांनीं २००३ सालीं अशी सुंदर युक्ति काढली कीं, टॅगला कोणीही विचारलें तरी उत्तर देतांच त्यानें आपली किल्ली एकमार्गी गणितानें एक पायरी पुढें न्यावी. टॅग फोडला तरी मागच्या पायऱ्या कळत नाहींत, म्हणून मागील बोलणें सुरक्षित राहतें. दफ्तर प्रत्येक टॅगच्या पुढच्या कांहीं पायऱ्या आधींच काढून ठेवतें. समजा, त्यानें १,००० पायऱ्या काढून ठेवल्या. आतां एखादा मनुष्य आपलें वाचकयंत्र घेऊन टॅगजवळ उभा राहिला आणि सेकंदास वीस वेळां विचारूं लागला, तर पन्नास सेकंदांत टॅग दफ्तराच्या दृष्टीपलीकडे जातो. त्याला कोणी फसविलें नाहीं. त्यानें फक्त विचारणाऱ्याची ओळख न पाहतां पाऊल पुढें टाकलें.

अडवणूक टॅगचीच होते असें नाहीं, दफ्तराचीही होते. माग काढतां येऊं नये म्हणून टॅगनें आपलें नांव न सांगतां केवळ स्वैर अंकासह दळलेलें पीठ सांगावें, असा एक विधि वाइस, सर्मा, रिव्हेस्ट व एंगल्स यांनीं २००३ सालीं मांडला. पण नांवच न कळल्यामुळें दफ्तराला एकेका टॅगची किल्ली घेऊन दळून पाहावें लागतें. वहींत १० लक्ष टॅग असतील, तर खऱ्या टॅगसाठीं सरासरी ५ लक्ष वेळां दळावें लागेल. आणि खोट्यासाठीं पुरें १० लक्ष वेळां, कारण तो वहींत नाहीं हें शेवटच्या पानापर्यंत गेल्याखेरीज ठरत नाहीं. म्हणजे खोट्यास पाहुणचार दुप्पट! हल्लेखोरानें अर्थहीन अंकांचा मारा केला कीं दफ्तर त्यांतच गुंतून पडतें आणि रांगेंतील खरे टॅग ताटकळतात. मोल्नर व वॅग्नर यांनीं २००४ सालीं यावर वृक्षाची रचना सुचविली. सर्व टॅग शंभर फांद्यांत, प्रत्येक फांदी शंभर डहाळ्यांत, प्रत्येक डहाळी शंभर पानांत विभागावी. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा लक्षच झाले; पण प्रत्येक टप्प्यावर शंभरच किल्ल्या तपासावयाच्या असल्यानें फार तर ३०० वेळां दळून काम भागतें. खोटा टॅग तर पहिल्या शंभरांतच बाहेर पडतो. मात्र फांद्यांच्या किल्ल्या अनेक टॅगांत सामाईक असतात; एक टॅग फोडला कीं त्याच्या भाऊबंदांची गुप्तताही कांहीं अंशीं उघडी पडते. सोय घेतली, तर तिचें मोल द्यावें लागतें.

मोल देण्याचा हा प्रश्न सर्वत्रच आहे. जुनी-नवी किल्ली ठेवणाऱ्या दफ्तराचेंच पाहा. शेवटचा संदेश अडवला जात आहे तोंवर टॅग एकाच किल्लीवर थांबतो. त्या मुदतींत त्यानें ताजा अंक न घालतां उत्तर दिलें, तर तें उत्तर तेंच तें येतें आणि त्याचा माग काढतां येतो. मग किल्ली बदलूंच नये काय? हाही एक मार्ग आहे. फेल्डहोफर, डोमिनिकस व वोल्कर्स्टॉर्फर यांनीं २००४ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथें दाखवून दिलें कीं, बँकांच्या व सरकारच्या कामीं येणारें एईएस हें बलवान् सांकेतिक गणित सुमारें ३,६०० तर्कद्वारांत बसवितां येतें. २०१३ सालीं ‘जनरेशन-२’च्या नव्या आवृत्तींत अशा गणितानें ओळख पटविण्याची सोयही आली. किल्ली कायम, पण उत्तर दर वेळीं दोघांच्या ताज्या अंकांवरून नवें. किल्ली बदलतच नाहीं, म्हणून ती निसटतही नाहीं. शेवटच्या संदेशाची काळजीच मिटते. उलट पक्षीं टॅग महाग होतो, आणि तो कोणी फोडलाच तर मागचीं बोलणीं उघडीं पडतात. जेथें टॅग वर्षानुवर्षें एकाच मनुष्याजवळ राहावयाचा, तेथें किल्ली बदलण्याचा लाभ मोठा. जेथें एका अडथळ्यानें काम बंद पडणें परवडत नाहीं, तेथें कायम किल्लीचा लाभ मोठा. निवड करणाऱ्यानें आपण कशाला भितों, हें आधीं स्वतःशीं स्पष्ट केलें पाहिजे.

कांहीं अडवणुकी अशा आहेत कीं, त्यांवर कोणत्याही विधीचा उपाय चालत नाहीं. टॅग धातूच्या कागदांत गुंडाळला, तर तो बोलणार कसा? ज्यूल्स, रिव्हेस्ट व सिड्लो यांनीं २००३ सालीं ‘अडविणारा टॅग’ कल्पिला. वाचकयंत्र अनेक टॅगांतून एकेक निवडण्यासाठीं ‘तुझा पुढचा आंकडा शून्य कीं एक?’ असें विचारीत जातें. हा टॅग प्रत्येक वेळीं दोन्ही उत्तरें देतो, आणि जगांत शक्य तेवढे सारे टॅग आपल्यासमोर उभे आहेत, असें त्या यंत्रास वाटूं लागतें. गिऱ्हाइकाच्या पिशवींतील वस्तु कोणी चोरून वाचूं नये म्हणून ही युक्ति सुचविली गेली; पण दुष्टाच्या हातीं तीच अडवणुकीचें हत्यार होईल, हेंही तिच्या जनकांनीं ओळखलें होतें. तसेंच, ‘जनरेशन-२’च्या टॅगला ३२ बिटांचा गुप्त शब्द सांगून कायमचें मुकें करण्याची आज्ञा आहे. असे शब्द सुमारें ४२९ कोटी होऊं शकतात, म्हणून एकेक करून अंदाज बांधणें कठीण. पण मालकानें आळसानें सर्व टॅगांना एकच शब्द दिला, तर एक फुटला कीं सारे गेले. येथें दोष विधीचा नसून कारभाराचा असतो.

लहरी अडविणाऱ्यास कोणी थांबवूं शकत नाहीं, तर मग इतका खटाटोप कशासाठीं? उत्तर सोपें आहे. रस्त्यावर कोणी आडवें लांकूड टाकलें, तर तें असेपर्यंत वाहतूक थांबेल. पण लांकूड उचलल्यावर रस्ता पूर्ववत् चालला पाहिजे. लांकूड उचलल्यावरही गाड्या चालत नसतील, तर रस्ता बांधणाऱ्याचेंच चुकलें. ओळखविधीची परीक्षा याच कसोटीवर घ्यावी. अडथळा असेपर्यंत अडचण, अडथळा सरला कीं व्यवहार सुरू, एवढें ज्या विधीनें साधतें तो चांगला. क्षणाच्या गोंगाटानें ज्यांत खरा टॅग जन्माचा खोटा ठरतो, तो विधि चोरापासून कितीही जपणारा असला तरी घरच्या उपयोगाचा नाहीं.

आणि शेवटीं यंत्राबाहेरचाही एक विचार आहे. यंत्रानें ओळख नाकारली, तर तिचा भुर्दंड कोणी सोसावा? आपल्या देशांत १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांच्या सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या, आणि ज्या वाहनाला टॅग नाहीं अथवा ज्याचा टॅग चालू स्थितींत नाहीं, त्यानें दुप्पट शुल्क द्यावें, असें ठरलें. म्हणजे टॅगचें मौन हा केवळ यंत्राचा बिघाड राहत नाहीं; तो मनुष्याच्या खिशाला लागतो. परंतु त्यापूर्वीं, मे २०१८ मध्यें, दुसराही एक नियम झाला होता. टॅग वैध व चालू आहे, खात्यांत पैसे आहेत, आणि नाक्यावरील यंत्रणेच्या दोषामुळें वसुली झाली नाहीं, तर वाहनास शुल्काविना जाऊं द्यावें व शून्य रकमेची पावती द्यावी. या नियमाच्या मागील न्याय मोलाचा आहे. ज्याच्या हातीं यंत्र, त्याच्या माथीं यंत्राचा दोष. हीच दृष्टि ठेवून रुग्णालय, ग्रंथालय, गोदाम, कारखाना, जेथें जेथें बिनतारी ओळखीवर माणसाचें काम अडून असतें, तेथें ओळख न पटल्यास दुसरी सरळ वाट आधींच आंखून ठेवली पाहिजे.

सारांश असा कीं, टॅगनें पुराव्यावांचून किल्ली बदलूं नये. दफ्तरानें खात्रीवांचून जुनी किल्ली टाकूं नये. दोघांनीं दर वेळीं ताजा अंक घालावा. संदेशाचा प्रत्येक बिट बांधलेला असावा. आणि खोट्या पाहुण्यावर खऱ्याहून अधिक श्रम खर्च होणार नाहींत, अशी वही ठेवावी. राखणदार नेमतांना तो चोराला किती अडवील, एवढेंच पाहून भागत नाहीं. रात्रीं उशिरा परतलेल्या धन्याला तो दार उघडील कीं नाहीं, हेंही विचारून घ्यावें लागतें.